दोणवलीची खारी पंगत

दोणवली बेटावर होडीतून उतरलं की आधी पायाला रेव लागते, मग शिंपल्यांचा चुरा, आणि मग जी पायवाट सुरू होते ती कुठेही न वळता थेट विहिरीवर जाऊन थांबते. विहीर बेटाच्या बरोबर मध्यावर आहे. तिच्या उत्तरेला दालदी मुसलमानांचा मोहल्ला, दक्षिणेला आगऱ्यांचा पाडा. मोहल्ल्याचा धंदा मासळीचा, पाड्याचा मिठाचा. विहिरीच्या दोन्ही अंगांना गुडघाभर उंचीची, मोडकी, दगडांची ओळ दिसते आणि पाव्हणे तिच्यावर बसून फोटो काढतात.

पण खरी गंमत सकाळी बघायची. मोहल्ल्यातली बाई येते, पोहरा सोडते, पाणी शेंदते, आणि स्वतःची कळशी रिकामीच ठेवून ते पाणी शेजारी उभ्या असलेल्या आगरणीच्या कळशीत ओतते. मग आगरीण शेंदते आणि हिच्या कळशीत ओतते. पाणी तेच, विहीर तीच, मेहनत तेवढीच. नव्या माणसाला वाटतं, ही बेटावरची माणसं जरा चक्रमच दिसतात. वाटू द्यावं. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं.

यामागे एक हकिकत सांगतात. दोणवलीची माणसं मासा आणि गोष्ट, दोन्ही सांगताना थोडं लांबवतात हे आधीच कबूल केलेलं बरं. जिताडा हातभर असला तर तो पाड्यापर्यंत पोचेस्तोवर पुरुषभर होतो. पण या हकिकतीचा सांगाडा दोन्हीकडे एकच आहे. मांस काय, ज्यानं त्यानं आपापलं भरलंय.

फार जुनी गोष्ट. तेव्हा बेटावर दोनच माणसांचं चालायचं. पाड्यात हाशा पाटलाचं आणि मोहल्ल्यात इसाक नाखव्याचं. दोघेही सत्तरीचे, दोघेही हेकट. हाशा पाटील एवढा हेकट की भरतीचं पाणी अडवायला बांधातल्या उघाडीचं दार बंद करताना तो समुद्राला म्हणे दरडावायचा, आणि समुद्र थोडा थबकायचा. इसाक नाखवा एवढा हेकट की वारा पडला तरी शीड उतरवायचा नाही. म्हणायचा, चूक वाऱ्याची आहे, तो येईल.

या दोघांच्या राज्यात भांडण लागलं ते विहिरीवरून. विहीर आमच्या पूर्वजांनी खणली, असं पाडा म्हणे. आमचे पूर्वज गलबतातून उतरले तेव्हा तहानले होते, त्यांनी खणली, असं मोहल्ला म्हणे. खणणारे दोघेही मेलेले, विचारायचं कुणाला? एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, आधी कोण शेंदणार यावरून बायकांत बाचाबाची झाली, बायकांचं पुरुषांनी उचललं, कुणीतरी कुणाचा तरी दोर कापला, दोन डोकी फुटली, एकाचा डोळा गेला. त्यानंतर आठ दिवसांत बेटाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत छातीएवढा दगडी गडगा उभा राहिला. दोन्ही बाजूंनी आपापल्या बाजूनं रचला, म्हणून तो दुप्पट जाड झाला.

विहीर मात्र गडग्याच्या मधोमध आली. ती कुणालाच सोडवेना. शेवटी जुन्या होडीच्या फळ्यांचं एक झाकण केलं आणि विहिरीवर बसवलं. त्याला पाड्याकडून हाशा पाटलानं काथ्याच्या दोरानं गाठ मारली, मोहल्ल्याकडून इसाक नाखव्यानं मारली. दोन्ही गाठी सुटल्याशिवाय झाकण हलायचं नाही, आणि एकाची गाठ दुसऱ्यानं सोडायची नाही.

तीन वर्षं ती विहीर तशीच राहिली. पोटात गोड पाणी घेऊन, तोंडाला फळ्या लावून.

सांगतात की त्या तीन वर्षांत बेटावरच्या कोंबड्यांनासुद्धा बाजू कळायला लागली. पाड्यातला कोंबडा आरवला की मोहल्ल्यातला मुद्दाम गप्प बसायचा. गडग्यालगत एक पपई होती, तिचा शेंडा उत्तरेला झुकलेला होता. तिच्यावरची पपई पिकून खाली पडली तरी कुणी उचलली नाही, कारण ती नक्की कुणाच्या हद्दीत पडली यावर एकमत होईना. माणसं पाणी आणायची पलीकडच्या बंदरावरून, होडीनं. भरतीला जायचं, भरतीला यायचं. ओहोटी लागली की बेटाभोवती मांडीभर चिखल उघडा पडतो, त्यात होडी अशी रुतते की सहा माणसांना हलत नाही.

या पाण्याच्या खेपा करणाऱ्यांत एक होती पोशीबाय. हाशा पाटलाची थोरली सून. चाळिशीची, विधवा, हाडापेरानं दणकट. नवऱ्यामागे तिनं स्वतः मिठागराचे वाफे राखले, एका मुलाला वाढवलं. मुलाचं नाव जोमा. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती रोज पहाटे विहिरीवर यायची आणि पलीकडून यायची रुकय्याबी. इसाक नाखव्याच्या घरातली सून. दोघी एकाच दोराला हात लावून पोहरा ओढायच्या. जोमा तान्हा असताना पोशीला तापानं घेरलं, तेव्हा पंधरा दिवस त्याला रुकय्यानं आपल्या लेकीबरोबर पाजलं होतं. गडगा झाला आणि दोघींचं बोलणं बंद. पाटलाच्या सुनेनं नाखव्याच्या सुनेशी बोलायचं नाही, असा दोन्ही घरांतून हुकूम. आणि त्या काळात हुकूम म्हणजे हुकूम. पोशीनं वीस वर्षांत सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, की वर मान करून एक वाक्य बोलली नव्हती.

तिसऱ्या वैशाखात जोमा म्हणाला, "आये, पुरे झाला आता. मी पलीकडं जागा बगितली. या बेटावं राऊन रोज पान्यासाठी मरायचं क्या? अष्टमीच्या भरतीला निंगायचं."

 त्या दिवशी पोशी मिठागरावर गेली आणि बराच वेळ बांधावर नुसती बसून राहिली. नवऱ्यानं घातलेला बांध होता तो.

तिकडे दोन्ही बाजूंच्या तरण्या पोरांचंही डोकं फिरलं होतं. त्यांनी ठरवलं, विहीर आपल्याला नाही ना, मग कुणालाच नको. गडग्याचे दगड काढून ती बुजवून टाकायची. तीन वर्षांत दोन्ही बाजूंचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट. तेव्हा कुठे म्हातारे हलले. म्हणाले, तीन दिवस द्या. आम्ही बसतो, बोलतो. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत तोड निघाली नाही तर खुशाल बुजवा. आणि तो तिसरा दिवस नेमका अष्टमीचा.

पाच माणसं पाड्याची, पाच मोहल्ल्याची. बैठक विहिरीपाशी.

पहिला दिवस बसायचं कसं यात गेला. पाटलाला मावळतीकडे तोंड करून बसायचं नव्हतं, कारण दुपारनंतर ऊन डोळ्यांत येतं आणि माणूस उगाच नरमल्यासारखा दिसतो. नाखव्यालाही बसायचं नव्हतं, कारण तेच. शेवटी दहाही जण उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे तोंडं करून, विहीर मध्ये घेऊन बसले. झाकणामुळे समोरच्याचं फक्त डोकं दिसायचं. त्यातच एक कलमही ठरलं. बैठक पुरी होण्याआधी जो जागचा उठेल, त्याच्या बाजूचा विहिरीवरचा हक्क गेला. नमाजासाठी आणि आडोशाला जाण्यासाठी उठणं हे उठणं धरायचं नाही, हे कलम घालायला संध्याकाळ झाली.

दुसरा दिवस जेवणात गेला. म्हणजे जेवले नाहीत कुणी, नुसतं बोलले. जेवायला घरी पाठवावं, तर घरची पोरं कान भरून परत पाठवतील, ही दोघांनाही भीती. मग जेवण इथेच. आपापलं आणावं, तर पाटील म्हणाला, "यांच्या भांड्यात क्या हाय ते आमाला कसा कलनार?" नाखवा म्हणाला, "आणि तुमच्या?" शेवटी संशयानंच तोड काढली. एकच हंडी. विष असलं तर दहाही जणांना सारखंच बाधेल. मासळी नाखव्याची, कारण तिच्यात हलाल-झटक्याचा प्रश्न येत नाही. मीठ पाटलाचं, कारण दुसरं मीठ बेटावर कुणी खातच नाही. रांधायला एक बाई इकडची, एक तिकडची, म्हणजे एकीवर दुसरीची नजर. पाटलानं आणखी एक अट घातली, रांधताना कुणी चाखायचं नाही, बैठकीला उष्टं चालणार नाही. नाखव्यानं त्यावर आपली चढवली, बायकांनी एकमेकींशी एक शब्द बोलायचा नाही, बोलणी करायला आम्ही दहा जण आहोत.

बायका कोण, ते दोन्ही घरांनी आपापलं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोशी तांदूळ आणि मिठाची टोपली घेऊन गडग्यापाशी आली, तर समोर विळीवर मासा घेऊन रुकय्या बसलेली.

मासा जिताडा होता. केवढा? मोहल्ल्यात सांगतात की त्याचं डोकं विळीवर होतं तेव्हा शेपूट गडग्यावरून पाड्यात लोंबत होती. पाड्यात सांगतात की एवढा नव्हता, पण लहानही नव्हता.

तीन वर्षांनी दोघी हाताच्या अंतरावर बसल्या. पोशीनं बघितलं, रुकय्याच्या केसांत पांढरं आलंय. रुकय्यानं बघितलं, पोशीच्या तळव्यांना मिठानं भेगा पडल्यात. बघितलं आणि दोघींनी माना खाली घातल्या. नाखव्याचा एक भाचा आणि पाटलाचा एक पुतण्या त्यांच्या डोक्यावर पहाऱ्याला उभे होते.

आता इथे एक घरगुती बाब सांगायला हवी. मोहल्ल्याची रीत अशी, मासा कापला की लगेच त्याला मीठ-हळद चोळून बाजूला ठेवायचा. पाड्याची रीत अशी, कालवणाला उकळी फुटली की मग वरून मीठ टाकायचं, आधी कधीच नाही. दोघी शेजारणी होत्या तेव्हा हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि विचारायची सोयही होती. आता पोशी पाट्यावर मिरची वाटत होती, पाठमोरी. रुकय्यानं तुकड्यांना मीठ चोळलं ते तिनं पाहिलंच नाही.

हंडी चुलीवर चढली. पलीकडच्या बंदरावरून आणलेलं जे गोडं पाणी होतं, त्यातलं निम्मं बैठकीनं सकाळपासून ओरडून ओरडून संपवलं होतं. उरलेलं भाताला आणि कालवणाला गेलं. नवं पाणी यायचं ते संध्याकाळच्या भरतीला. पहाटेच ओहोटी लागलेली, होड्या चिखलात.

कालवणाला उकळी फुटली. पोशीनं मुठीत मीठ घेतलं आणि तिचा हात थांबला. हिनं आधी चोळलं असेल का? एका शब्दाचं काम होतं. मान वर करून "मीठ टाकलंस का गो?" एवढंच विचारायचं. पण डोक्यावर दोन काठ्या उभ्या. चाखायचं नाही, बोलायचं नाही. मग तिनं विचार केला, कालवण अळणी झालं तर? मिठागरवाल्या पाटलाच्या घरची सून, आणि नाखव्याच्या पंगतीला अळणी कालवण वाढते! पाडा तोंड दाखवणार कुठे? तिनं दोन मुठी टाकल्या. मग सासऱ्याच्या अब्रूसाठी तिसरी टाकली. आणि चौथी कशासाठी टाकली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

मग ती भात उतरवायला वळली. आणि मागे रुकय्याच्या मनात आलं, पोशीचा हात थांबलेला मी पाहिला, मग मान खाली घातली. टाकलं की नाही टाकलं? रागावली असेल माझ्यावर, मुद्दाम अळणी ठेवून माझी मासळी बेचव ठरवायची असेल. असं नसेलही. पण विचारणार कसं? तिनं हळूच एक मूठ आत सोडली.

मध्यान्हीला पानं मांडली. वैशाखाचं ऊन असं की गडग्याच्या दगडावर पापड भाजावा. दोघींनी वाढलं, दहा जणांनी पहिला घास घेतला.

त्या घासाबद्दल दोणवलीत जेवढं बोललं जातं तेवढं कुठल्या लढाईबद्दलही बोललं जात नाही. म्हणे कालवणावर बसलेली माशी तशीच उठून खाडीकडे गेली. म्हणे पाड्याच्या एका म्हाताऱ्याच्या मिशांवर मिठाचे खडे धरले, ते त्याच्या सुनांनी पुढे वर्षभर पुरवले. पण जिभेवर काय झालं ते चेहऱ्यावर कुणीच येऊ दिलं नाही. हाशा पाटलाला घासागणिक कळत होतं की हे आपल्याच वाफ्यातलं मीठ आहे, आणि आपल्याच मिठाला नावं ठेवायची कशी? इसाक नाखव्याला वाटत होतं, आपण पान टाकलं तर उद्या म्हणतील, मोहल्ल्याची मासळी खाण्याजोगी नाही. पाटलानं घास गिळला आणि म्हणाला, "बेस झालंय." नाखवा म्हणाला, "एकदम." आणि दोघांनी पुन्हा वाढून घेतलं.

दहाही जणांनी पानं चाटूनपुसून साफ केली. मग हात पुसले आणि बोलणी पुढे चालू केली.

सकाळी पूर्वजांपासून सुरुवात करून तासभर बोलणारा माणूस आता चार वाक्यांत आटोपायला लागला. मग दोन. मग एक शब्द. जीभ टाळूला चिकटायची ती सोडवून पुढचा शब्द काढावा लागे. कुणीतरी "आमचा हक्क" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसतं "हक्" म्हणून थांबला. सगळ्यांनी बसल्या जागेवरून पाण्याच्या मडक्यांकडे बघितलं, मडकी उपडी. खाडीकडे बघितलं, चिखल. आणि मग एक वेळ अशी आली की दहाजण गप्प झाले, पहारेकरी गप्प झाले, गडग्यावर दगड रचून वाट बघत बसलेली पोरं गप्प झाली.

त्या शांततेत विहिरीतून आवाज आला. टप्प.

खाली झरा होता. तीन वर्षं तो थेंब थेंब पडतच होता. फळ्यांच्या वर भांडण एवढं चालू होतं की कुणाला ऐकू आला नव्हता. टप्प. थोड्या वेळानं पुन्हा, टप्प. दहा जणांच्या नजरा झाकणावर आल्या, दोन गाठींवर आल्या, आणि पुन्हा आपापल्या मांडीवर गेल्या. उठायचं कुणी? उठला त्याचा हक्क गेला.

पोशी चुलीपाशी उभी होती. तिथून तिला किनारा दिसत होता. चिखलात जोमाची होडी आडवी पडलेली, तिच्यात घरातली भांडी, जातं, बापाचं फावडं. जोमा काठावर बसून भरतीची वाट बघत होता. भरती येणार होती. तिच्याबरोबर होडी जाणार होती, सूर्य बुडणार होता, विहीर बुजणार होती. सगळं एकाच वेळी. आणि इथे दहा शहाणी माणसं पाण्यावर बसून तहानेनं मरत होती, कारण दोन बायकांनी एकमेकींना एक प्रश्न विचारला नव्हता.

तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. पाटलासमोर, नाखव्यासमोर, सगळ्या बेटासमोर तिनं विचारलं,

"रुकय्या, मीठ टाकलंस का गो तू?"

सगळ्यांच्या माना वळल्या. पहाऱ्यावरचा पुतण्या "काकी!" म्हणून पुढे आला. रुकय्यानं एकदा आपल्या सासऱ्याकडे बघितलं, मग पोशीकडे. म्हणाली, "टाकलं ना. तुकड्यांना चोळलं. मग तू थांबलीस ते बघून वरून पण टाकलं."

"वरून पन?"

"मग? तू टाकलंस?"

"चार मुठी."

"चार? या अल्ला! पोशे, माणसं जेवायची होती की मासा सुकवायचा होता गो?"

आणि रुकय्याला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून ती गदगदा हसायला लागली, तशी पोशीही. तीन वर्षांचं साठलेलं हसू ते, दोघींना खाली बसावं लागलं.

हाशा पाटलानं सुनेकडे असं बघितलं की बघणाऱ्यांना वाटलं, संपलं आता. पण त्याच्या घशातून खरखर आवाज आला. तो म्हणाला, "मना वाटला, माजी जीबच म्हातारी झाली."

पलीकडून नाखव्याचं डोकं हललं. "मी म्हटलं, पाटील दोनदा वाढून घेतो म्हणजे यांच्यात असंच खातात."

"मी तुमच्याकडं बगून घेतला!"

कोरड्या घशांनी दहाजण हसले. हसले कसले, खोकले. आणि हसू ओसरल्यावर हाशा पाटील थोडा वेळ आपल्या सुनेकडे बघत राहिला. ती मघाशी कुठे बघत होती तिकडे त्यानं बघितलं. किनारा, होडी, जातं, नातू. मग त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि तो उठला.

 पाड्याचा एक जण "पाटील, बसा!" म्हणून ओरडला. पाटील बसला नाही. झाकणापाशी गेला, वाकला आणि आपली गाठ सोडायला लागला. तीन वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला काथ्या, सुटेना. तो दातांनी सोडायला लागला.

गडग्यावरची मोहल्ल्याची पोरं उड्या मारत उठली. "उठला! पाटील उठला! विहीर आपली झाली!"

इसाक नाखव्यानं हात वर केला. सगळे थांबले. आता त्यानं फक्त "हो" म्हणायचं होतं. तीन वर्षांचं भांडण त्याच्या एका शब्दात त्याच्या बाजूला पडणार होतं, आणि तेही पाटलानंच मान्य केलेल्या कलमानं.

नाखव्यानं खांद्यावरच्या पंच्यानं दोन्ही डोळे झाकून घेतले.

"कोण उठला?" तो म्हणाला. "खारानं माझ्या डोळ्यांत पाणी आलंय. मला काय दिसत नाय. कुणाला दिसलं काय रे?"

त्याच्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकानं डोळ्यांवर हात ठेवला. दुसऱ्यानं ठेवला. गडग्यावरची पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. नाखव्यानं पंच्याआडूनच त्यांना दरडावलं, "मी विचारतो, दिसलं काय?" तेव्हा हळूहळू त्यांचेही हात वर गेले.

आणि डोळे झाकलेला तो म्हातारा चाचपडत उठला, झाकणापर्यंत आला, आणि न बघता आपली गाठ त्यानं एका हिसक्यात सोडली. बोटांना ठाऊक होती ती.

झाकण बाजूला झालं. खाली आकाश दिसलं.

पहिला पोहरा नाखव्यानं शेंदला. एका हंडीचं पोटात गेलं होतं खरं, पण तो काळ असा की पाड्यातला माणूस मोहल्ल्याच्या हातचं पाणी घेत नसे. पाटलानं ओंजळ पुढे केली. नाखव्यानं ओतलं. पाटील प्यायला, अर्धं दाढीवरून सांडलं, आणि त्यानं डोळे मिटून एवढंच म्हटलं, "पांग फेडलंस रं इसाक." मग त्यानं पोहरा आपल्या हातात घेतला, दुसरं पाणी शेंदलं आणि नाखव्याच्या ओंजळीत ओतलं. नाखवा म्हणाला, "मी नाय फेडले. तू उठलास."

तहाचा मजकूर म्हणाल तर एवढाच. कुणी लिहिला नाही, कुणी अंगठा उठवला नाही. पुढं जे चार शब्द ठरले ते असे की रोज सकाळची पहिली कळशी आपण आपल्यासाठी भरायची नाही, पलीकडच्यासाठी भरायची. म्हणजे आधी कोण, हा प्रश्नच निकालात निघाला. गडगा पाडायचं मात्र कुणी ठरवलं नाही. ज्याला पायरीला, चुलीला दगड लागला त्यानं तो तिथून नेला, आणि गडगा असाच कमी होत गेला.

संध्याकाळी भरती आली. जोमाची होडी चिखलातून सुटली, पाण्यावर डुलायला लागली. तो वर आला तेव्हा त्याची आई डोक्यावर कळशी घेऊन उतरत होती.

"आये, येतंस ना?" त्यानं विचारलं.

"तहान लागली असल तर पी आदी," पोशी म्हणाली. "मंग बापाचा फावडा उतरव खाली. बांधाला भगदाड पडलाय."

जोमा प्यायला. मग त्यानं होडीतून फावडं उतरवलं, आणि शेवटी जातं उतरवलं. जातं जड होतं, त्याला मोहल्ल्यातल्या दोघांनी हात लावला.

पोशीबाय पुढे पुष्कळ वर्षं जगली. मोहल्ल्यातली नवी सून आली की आधी तिच्या पाया पडायची आणि पोशी वैतागायची. म्हणायची, "मी क्या केला? मीठ जास्त झाला माज्या हातून. उपकार मानायचं तर त्या दोगांचं माना. येक उठला, येकानं बगितला नाय." मग यावर बेटावर वाद व्हायचे, की उठणाऱ्याचे उपकार मोठे की न बघणाऱ्याचे. पाडा म्हणायचा, न बघणाऱ्याचे. मोहल्ला म्हणायचा, उठणाऱ्याचे. एवढ्या एका बाबतीत दोणवलीत भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते मिटवायची कुणाला घाईही नाही.

आजही वैशाख वद्य अष्टमीला विहिरीवर झाकण ठेवून तिच्यापाशी पंगत बसते. जिताड्याचं कालवण मुद्दाम खारट करतात, आणि पाव्हण्यांनाही सोडत नाहीत. सगळ्यांनी तोंड वाकडं न करता जेवायचं आणि मग जागचं न हलता, न बोलता बसून राहायचं, विहिरीतला थेंब ऐकत. कुणाला किती वेळ धीर निघेल ते सांगता येत नाही. कधी कुणी म्हातारी, कधी लग्न होऊन नवी आलेली मुलगी, कधी शहरातून आलेला पाव्हणा, कुणीतरी शेवटी गुडघ्यांवर हात टेकतं आणि उठतं. ज्या बाजूचं माणूस उठतं, त्याच्या समोरच्या बाजूची सगळी माणसं, थोरांपासून तान्ह्यापर्यंत, त्या क्षणी डोळ्यांवर हात ठेवतात. तान्ह्यांच्या डोळ्यांवर आया ठेवतात. उठलेला माणूस झाकणापर्यंत जाईपर्यंत, ते सारून दोर धरीपर्यंत, पहिला पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज होईपर्यंत कुणी हात काढत नाही.

कुणी उठलं होतं का, असं नंतर कितीही जणांना विचारून बघा. दोणवलीत आजवर ते कुणीही पाहिलेलं नाही.